ई-मेलचे पोस्टमास्तर

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या सरकारी कचेरीत बारनिशी नावाची एक शाखा असते. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर तेथे तारखेचा शिक्का उठतो, आवक क्रमांक पडतो, आणि तो कागद पुढे कोणत्या टेबलाकडे गेला याची नोंद वहीत होते. वर्षभराने कोणी ‘आपले पत्र आम्हांस पोहोचलेच नाही’ असा पवित्रा घेतला, तर तो वाद त्या वहीपुढे मिटतो. गेल्या तीसचाळीस वर्षांत जगभरच्या व्यापारी पेढ्यांचा, कारखान्यांचा, विद्यापीठांचा आणि सरकारी खात्यांचा बहुतेक पत्रव्यवहार कागदावरून ई-मेलवर गेला, आणि बारनिशीचे हे काम मेल सर्व्हर नावाच्या यंत्राकडे व त्या यंत्राचा कारभार पाहणाऱ्या एका मनुष्याकडे आले. पत्रे वेळच्या वेळी येत असेतो या मनुष्याचे अस्तित्वही कोणास जाणवत नाही, आणि एखादे पत्र हरवले की सर्वांत आधी बोलावणे त्यालाच येते. ई-मेलच्या शोधाचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्या कारभाऱ्याच्या हुद्द्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे, कारण ई-मेलवरचा आपला विश्वास त्या शोधावर जितका उभा आहे, त्याहून अधिक तो या कारभाऱ्यांनी पाळलेल्या एका वचनावर उभा आहे.

अगदी आरंभी कारभाऱ्याची गरज नव्हती. १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज गावी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पीडीपी-१० संगणकांमध्ये पहिला निरोप धाडला आणि मनुष्याचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘@’ हे चिन्ह घातले, तेव्हा पत्र ‘पोहोचणे’ याचा अर्थ दुसऱ्या यंत्रावरील एका फाइलीच्या शेवटी चार ओळींची भर पडणे एवढाच होता. अडचण सुरू झाली ती जाळी अनेक झाल्यावर. अर्पानेट या जाळ्याचे पत्ते एका रीतीने लिहीत, टेलिफोनच्या तारेवरून रात्री-अपरात्री एकमेकांस हाक मारणाऱ्या यूयूसीपी यंत्रांचे पत्ते दुसऱ्या रीतीने; आणि या दुसऱ्या रीतीत तर पत्र कोणकोणत्या यंत्रांवरून जावे ती संपूर्ण वाट, मध्ये उद्गारचिन्हे घालून, लिहिणाऱ्यानेच लिहायची असे. वाटेतले एखादे यंत्र बंद पडले की पत्र तेथेच अडून राही, आणि ते कोठे अडले हे विचारायची सोय नसे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन नावाचा तरुण तेव्हा इन्ग्रेस या प्रकल्पात काम करीत होता. अर्पानेटचे जोडकाम त्यांच्या एका यंत्रावर होते, आणि बाहेरगावच्या पत्रांसाठी विद्यापीठातील जो तो त्या यंत्रावर खाते मागू लागला. प्रत्येकाला खाते देण्यापेक्षा पत्रेच एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात नेऊन सोडणारा प्रोग्राम लिहिणे बरे, अशा विचाराने त्याने १९७९च्या सुमारास डिलिव्हरमेल लिहिला. त्याचाच पुढचा अवतार म्हणजे सेंडमेल. पत्त्यांच्या शेकडो तऱ्हा एकाच प्रोग्रामाने ओळखाव्यात, म्हणून त्याचे सर्व नियम एका वेगळ्या फाइलीत लिहायची व्यवस्था होती, आणि ती फाइल इतकी दुर्बोध असे की अनुभवी माणसालाही तिच्यात एक ओळ बदलताना हात आखडता घ्यावा लागे. सेंडमेलवरील प्रसिद्ध ग्रंथ पुढे हजार पृष्ठांच्याही वर गेला. मेल चालविणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला तो या फाइलीपासून, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु या व्यवसायाचा खरा कायदा लिहिला गेला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्या महिन्यात जॉन पोस्टेल यांचा आरएफसी ८२१ आणि डेव्हिड क्रॉकर यांचा आरएफसी ८२२ असे दोन मसुदे प्रसिद्ध झाले. पहिल्यात दोन सर्व्हरांनी एकमेकांशी कसे बोलावे हे ठरविले, दुसऱ्यात पत्राचे स्वरूप. आणि या दुसऱ्यातच असे बंधन घातले की प्रत्येक ठिकाणी ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता असलाच पाहिजे व त्यावर आलेले पत्र त्या ठिकाणच्या मेलला जबाबदार असलेल्या माणसाकडे गेले पाहिजे. हेतू असा की जगात कोठेही, कोणत्याही अनोळखी संस्थेशी टपालाचा तंटा उपस्थित झाला तर दाद मागायला एक ठरलेला दरवाजा असावा.

त्याहून थोर गोष्ट म्हणजे पत्राच्या जबाबदारीविषयीचा नियम; आरंभी म्हटलेले वचन ते हेच. एका सर्व्हरने दुसऱ्याकडे पत्र दिले आणि दुसऱ्याने २५० हा आकडा उच्चारून ते स्वीकारले, की त्या क्षणी पत्राचे पालकत्व पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाते. त्याने एकतर ते पुढे पोहोचवावे, अथवा पोहोचविता आले नाही तर तसे, कारणासह, मूळ लिहिणाऱ्यास कळवावे. तिसरा मार्ग नाही. १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये हा नियम आणखी कडक शब्दांत आला: यंत्र मध्येच बंद पडले, वीज गेली, अशा सबबींवर स्वीकारलेले पत्र गहाळ होता कामा नये. म्हणून नेकीने चालणारा सर्व्हर पत्र आधी डिस्कवर लिहितो आणि मगच स्वीकाराचा आकडा उच्चारतो. नकार देण्याचीही शिस्त ठरलेली आहे. चारशेच्या मालिकेतील आकडा म्हणजे ‘तूर्त जमत नाही, पुन्हा या’. पाचशेच्या मालिकेतील म्हणजे ‘कायमचा नकार’. ४५२ म्हणजे जागा अपुरी, ५५० म्हणजे बहुधा त्या नावाची व्यक्तीच येथे नाही. ‘पुन्हा या’ असे उत्तर मिळालेले पत्र रांगेत ठेवून, निदान अर्ध्या तासाच्या अंतराने, चारपाच दिवस प्रयत्न करीत राहावे आणि मगच हार मानावी, असा शिरस्ता पडला. आता, परत पाठविलेले पत्रही परत आले तर काय करावे? दोन सर्व्हर एकमेकांची नकारपत्रे एकमेकांकडे अनंत काळ टोलवीत बसतील! यावरचा तोडगा फार सुंदर आहे: नकारपत्राच्या पाकिटावर परतीचा पत्ता कोराच ठेवायचा. कोऱ्या पत्त्याचे पत्र पोहोचले नाही तर ते कोणाकडेही परत जात नाही. ते पोस्टमास्तरपाशी थांबते.

कोणतेही पत्र उशिरा आले अशी तक्रार आली की हाच कारभारी पत्राचे शीर्षलेख उघडतो. ज्या ज्या सर्व्हरच्या हातून पत्र जाते तो तो आपला शिक्का, म्हणजे ‘रिसीव्हड’ या शब्दाने सुरू होणारी एक नोंद, आधीच्या नोंदींच्या वर उठवतो. त्यामुळे प्रवासाची ही हकीकत खालून वर वाचावी लागते. तळाच्या नोंदीत लिहिणाऱ्याचे यंत्र, तिच्यावर त्याच्या कचेरीचा सर्व्हर, तिच्यावर वाटेतला गाळणी लावणारा सर्व्हर, सर्वांत वर आपला स्वतःचा. प्रत्येकीत वेळ असते आणि वेळेपुढे ग्रीनिचपासूनचे अंतर. भारतातील यंत्र असेल तर +०५३०. दोन लागोपाठच्या नोंदींत तीन तासांचे अंतर दिसले तर पत्र कोणाच्या घरी तीन तास बसून होते हे उघड होते. मात्र एखाद्या सर्व्हरचे घड्याळच चुकीचे असेल तर पत्र निघण्यापूर्वीच पोहोचल्यासारखे दिसते, आणि शहाणा कारभारी पत्राआधी घड्याळांचा संशय धरतो. आणखी एक खबरदारी: आपल्या विश्वासातील सर्व्हरने उठविलेली नोंद तेवढी खरी मानायची, तिच्या खालच्या साऱ्या नोंदी लबाडाने आधीच लिहून ठेवलेल्या असू शकतात.

या धंद्यातील निदानाची कला किती सूक्ष्म आहे हे दाखविणारी एक हकीकत उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील आहे. काळ १९९० नंतरच्या दशकातला; ती प्रसिद्ध झाली २००२ मध्ये, आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्या कारभाऱ्यानेच, तपशिलात थोडा फेरफार केल्याचे सांगून, ती लिहिली. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी त्याला कळविले की आमच्याकडून पाचशे मैलांहून दूर ई-मेल जात नाही. ई-मेलला मैलांशी काय कर्तव्य, असे कोणीही म्हणेल. पण हे संख्याशास्त्रज्ञ होते, त्यांनी बरेच दिवस आकडे जमवून, नकाशा काढूनच तक्रार केली होती. कारभाऱ्याने स्वतः पत्रे धाडून पाहिली. चारशे मैलांवरचे प्रिन्स्टन मिळाले, सहाशे मैलांवरचे मेंफिस मिळाले नाही. न्यूयॉर्क मिळाले, प्रॉव्हिडन्स नाही. शोधाअंती कळले ते असे की बाहेरच्या एका सल्लागाराने त्या सर्व्हरची मूळ प्रणाली नवी केली होती आणि तसे करताना सेंडमेलची आठवी आवृत्ती जाऊन जुनी पाचवी आली होती. नियमांची फाइल मात्र आठवीचीच राहिली. जुन्या सेंडमेलला त्यातील लांब नावांचे नियम वाचता येईनात. न वाचलेल्या नियमांची किंमत त्याने शून्य धरली, आणि त्यांतला एक नियम होता समोरच्या सर्व्हरच्या उत्तराची किती वेळ वाट पाहावी याचा. शून्य वाट म्हणजे त्या यंत्रावर प्रत्यक्षात तीन सहस्रांश सेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे ९०० किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे मैलांहून थोडे अधिक जातो. हिशेब ढोबळ आहे, उत्तराच्या परतीच्या वाटचालीचा वेळ त्यात धरलेला नाही. तरीही मला या हकीकतीचे मोल फार वाटते. तक्रार करणाऱ्याला कारण ठाऊक नव्हते, पण त्याने निरीक्षण प्रामाणिकपणे नोंदले; आणि कारभाऱ्याने ‘असे होणे शक्यच नाही’ असे म्हणून फोन खाली ठेवला नाही. निम्मे निदान या दोन गुणांत असते.

हिंदुस्थानात हा कारभार सुरू झाला तो मुंबईत, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने एर्नेट हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे हाती घेतले, आणि परदेशी जाणाऱ्या पत्रांचा नाका जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत आला. तिचे संचालक होते एस. रमाणी. या संस्थेच्या आणि पवईच्या आय.आय.टी.च्या दरम्यान साध्या टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ लागली. पुढे अमेरिकेतील यूयूनेट या सेवेशी संधान जुळले, आणि ठरावीक वेळी तिकडे हाक मारून साठलेले टपाल देण्याघेण्याचा प्रघात पडला. परदेशी तारेचा वेग आरंभी सेकंदाला ९६०० बिट एवढाच, आणि तिच्यावरून साऱ्या देशातील संशोधकांची पत्रे जायची. तेव्हा एखाद्याने अवजड फाइल जोडली तर रांग कशी तुंबत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. त्या काळच्या जुहूच्या पत्त्यांत ‘शक्ती’ हे सर्व्हरचे नाव दिसे. देशाचे ‘.इन’ हे इंटरनेटवरील उपनामही १९८९ मध्ये याच संस्थेकडे नोंदले गेले.

सामान्य पेढ्यांना ई-मेल मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ नंतर, विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वांस खुले केल्यावर. मुंबईच्या ग्राहकांच्या पत्त्यात जीआयएएसबीएम०१ अशी अक्षरे असत आणि व्हिजिटिंग कार्डावर ती छापताना छापखान्यात शून्य की ‘ओ’ यावरून चुका होत. कित्येक कंपन्यांत सबंध कचेरीला मिळून एकच पत्ता असे. पत्र कोणासाठी ते विषयाच्या ओळीत लिहायचे. सकाळी एक कारकून मोडेम लावून टपाल उतरवून घेई, त्याच्या छापील प्रती काढी, आवक क्रमांक घाली आणि शिपायाबरोबर टेबलाटेबलांवर वाटी. ही तऱ्हा आज जुनाट वाटेल. पण आलेले पत्र हरवू द्यायचे नाही हा जो बारनिशीचा धर्म, तो त्या कारकुनाने नव्या यंत्राशीही पाळला होता.

मोठ्या कंपन्यांच्या अंतर्गत टपालाची वंशावळ वेगळी आहे. आय.बी.एम.ची प्रॉफ्स ही पद्धत १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्येही होती. इराण-काँट्रा प्रकरणात १९८६ च्या नोव्हेंबरात अधिकाऱ्यांनी आपली हजारो पत्रे पुसून टाकली, आणि तरीही ती चौकशी समितीच्या हाती लागली, कारण मेल चालविणाऱ्यांनी शिरस्त्याप्रमाणे चुंबकीय फितींवर नक्कल घेऊन ठेवली होती. पुढे लोटस नोट्स आले, आणि १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे एक्स्चेंज. एक्स्चेंजने साऱ्या कचेरीची पत्रे एकाच मोठ्या दप्तरात, एका डेटाबेसमध्ये ठेवली, आणि कारभाऱ्याच्या चिंतेची जागा बदलली. प्रत्येक पत्र आधी रोजकीर्दीत, म्हणजे पाच-पाच मेगाबाइटच्या लॉग फाइलींत लिहिले जाई आणि मागाहून खतावणीत, म्हणजे मुख्य डेटाबेसात चढे. रात्रीचा बॅकअप पुरा झाला की कामास लागून संपलेली रोजकीर्द आपोआप पुसली जाई. समजा, फीत बिघडली आणि आठवडाभर बॅकअप झालाच नाही: रोजकीर्द वाढत वाढत डिस्क भरून टाकी, आणि लिहायला जागा न उरलेले दप्तर स्वतः होऊन बंद पडे. तीनशे माणसांचे टपाल थांबलेले, संचालकमंडळाची सभा तासावर आलेली, अशा वेळी नवशिक्या कारभाऱ्याला मोह होई तो त्या लॉग फाइली हाताने पुसून जागा मोकळी करण्याचा. खतावणीत न चढलेले व्यवहार त्यांतच असत. ते पुसले की दप्तर पुन्हा उघडेलच याची शाश्वती नाही. जाणता मनुष्य फाइलींना हात न लावता दुसऱ्या डिस्कवर जागा करून देई, दप्तर उघडे, आणि मग बॅकअप का झाला नाही याच्या मागे लागे. एक्स्चेंजच्या साध्या आवृत्तीत दप्तराला १६ गिगाबाइटची हद्द होती, ती गाठली तरी हाच प्रसंग. म्हणून कारभारी मंडळी मेलबॉक्सच्या मर्यादेवरून साहेबलोकांशी जी हुज्जत घालीत, ती कंजूषपणाने नव्हे.

प्रचंड यादीला एकाच वेळी पत्र गेले तर काय होते याचा धडा खुद्द मायक्रोसॉफ्टला ऑक्टोबर १९९७ मध्ये मिळाला. ‘बेडलॅम डीएल-३’ या नावाच्या, सुमारे तेरा हजार कर्मचाऱ्यांच्या यादीला कोणी लिहिले की माझे नाव यातून काढा. शेकडो जणांनी त्याच यादीला ‘माझेही काढा’ असे उत्तर दिले, इतरांनी ‘उत्तरे देऊ नका’ असेही सर्वांनाच लिहिले, आणि कंपनीचे टपाल त्याखाली दबून गेले. एका पत्राला प्रापक किती असावेत याची मर्यादा एक्स्चेंजमध्ये आली ती या प्रसंगानंतर. मार्च १९९९ चा मेलिसा आणि मे २००० चा ‘आय लव्ह यू’ हे विषाणू पत्ते-वहीतून स्वतःच्या प्रती धाडीत निघाले तेव्हा जगातील असंख्य संस्थांच्या कारभाऱ्यांनी सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद केले. ब्रिटनच्या पार्लमेंटचे टपालही त्यात आले. टपाल चालू ठेवणे हे ज्याचे कर्तव्य, त्यानेच ते थांबविण्याचा हुकूम स्वतःच्या जबाबदारीवर द्यावा लागणे, हा या हुद्द्याचा सर्वांत कठीण क्षण होय.

तथापि त्या मूळ वचनाला खरा तडा गेला तो फुकट जाहिरातींच्या टपालाने. अशा जाहिरातीचा पहिला नमुना मे १९७८ मधला, अर्पानेटवरील सुमारे चारशे लोकांना गेलेला. पण इंटरनेट व्यापाराला खुले झाल्यावर तिचा पूर आला. जुन्या सौजन्याप्रमाणे कोणताही सर्व्हर कोणाचेही पत्र पुढे पोहोचवून देई; जाहिरातदारांनी या सौजन्यावर स्वार होऊन परक्यांच्या सर्व्हरांतून लाखो पत्रे लोटली, आणि १९९८ मध्ये सेंडमेलने ते दार मुळातच बंद केले. मग जाहिरातदारांनी परतीचे पत्ते खोटे घातले. त्यामुळे कायद्याने पाठविलेली नकारपत्रे, ज्यांनी कधी काही लिहिलेच नव्हते अशा निरपराध माणसांवर जाऊन आदळू लागली, आणि सर्व्हरांनी संशयित पत्र स्वीकारून, कोणासही न कळविता, टाकून देण्यास आरंभ केला. पत्ता खरा आहे की खोटा हे पारखण्यासाठी पुढे एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२ मध्ये डीएमएआरसी अशा कसोट्या आल्या. त्या आवश्यक आहेत आणि प्रत्येक कंपनीने लावाव्यात. पण निमूटपणे टाकून देण्याची सवय मात्र गेली नाही. ज्या पत्राला ‘मिळाले’ म्हणून उत्तर दिले, ते नाहीसे करावे आणि धाडणाऱ्याला पत्ताही लागू नये, हे मला आजही अन्यायाचे वाटते. पत्र नको असेल तर दारातच, २५० म्हणण्यापूर्वी, ५५० म्हणावे. तसे करणे शक्य आहे, आणि कित्येक कर्तव्यदक्ष कारभारी तसेच करतात.

आज बहुतेक कंपन्यांनी आपले टपाल दोनचार मोठ्या परदेशी कंपन्यांच्या हवाली केले आहे. डिस्क भरण्याची व फिती बदलण्याची चिंता त्यामुळे सरली, हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याबरोबर कारभाऱ्याची जागाही अनेक कचेऱ्यांतून मोडली गेली, आणि एखाद्या पुरवठादाराचे बिल, एखाद्या उमेदवाराचा अर्ज किंवा एखाद्या ग्राहकाची तक्रार वाटेत कोठे अडली हे पाहणारे घरचे कोणी राहिले नाही. १९८२ चा नियम मात्र रद्द झालेला नाही. २००८ च्या आरएफसी ५३२१ मध्येही पोस्टमास्टरचा पत्ता बंधनकारकच आहे. म्हणून वाचकांपैकी जे एखाद्या कंपनीचे, संस्थेचे, पतपेढीचे अथवा महाविद्यालयाचे चालक असतील त्यांना एवढीच विनंती आहे की, आपल्या संस्थेच्या नावापुढे ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता घालून, बाहेरच्या एखाद्या खात्यावरून, एक पत्र धाडून पाहावे. ते परत आले, किंवा आठवडाभर त्याचे उत्तर आले नाही, तर त्या पत्त्यावर एका जबाबदार माणसाची नेमणूक करावी, आणि रोज सकाळी तो मेलबॉक्स उघडणे हे त्याच्या कामात लेखी घालावे.